त्याच शेतात कडवळ उगवलं, तूर उगवली, सोयाबीन मात्र नाही: बियाण्याला दोष देण्याआधी माती उकरा

जून संपत आला की आमच्याकडे दूध डेअरीच्या रांगेत, खताच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत एकच विचारपूस चालते. "तास लागले का?" म्हणजे पेरलेल्या ओळी उगवून दिसल्या का? उत्तर निम्म्या वेळा ठरलेलं. "लागले, पण नांगे लई पडलेत." नांगे म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा. आणि लगेच पुढचं वाक्य: "बियाणंच खराब होतं."

कधीकधी ते खरंच खराब असतं. पण दरवर्षी, प्रत्येक शेतात, प्रत्येक पिशवीत नसतं. माझी जमीन लातूर जिल्ह्यात, मध्यम काळी. माझ्यावर हा प्रसंग एकदा असा आला की त्यानंतर मी पेरणीकडे बघायची रीतच बदलली.

त्या वर्षी ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं एकाच दिवशी तिन्ही बिया पेरल्या. सोयाबीनचे चार तास, मग तुरीचा एक, आणि बांधाच्या कडेला जनावरांसाठी ज्वारीचं कडवळ. तिसऱ्या दिवशी जोराची सर आली, अर्धा तास नुसती झोडपून गेली, आणि मग चार दिवस कडक ऊन. आठव्या दिवशी कडवळ हिरवंगार. तुरीचा तास थोडा मागे, पण सरळ लागलेला. सोयाबीनच्या चार तासांत हातभर अंतरावर एखादं रोप. मी दुकानात जाऊन चार शब्द जास्तीचे बोलून आलो. संध्याकाळी कृषी सहायक शेतात आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "उकरून बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. त्यांनी खुरपं मागितलं आणि रिकाम्या जागेवर तासाच्या आडवी माती अलगद कापली. वरचा बोटभर थर पापडीसारखा कडक निघाला. त्याच्या खाली सोयाबीनचं रोप जिवंत होतं. मूळ खाली चार बोटं गेलेलं, पांढरंशुभ्र. वर मात्र मान, म्हणजे मुळाच्या वरचा दांडा, जाड होऊन, नागमोडी वळून, पापडीखाली अडकलेली. दोन्ही दलं, म्हणजे दाण्याचे डाळीसारखे दोन भाग, पिवळसर आणि मिटलेली. शेजारचं रोप उकरलं तर त्याची मान मोडलेली आणि दलं मातीत सुटून पडलेली. बी जिवंत होतं, बी उगवलं होतं. ते बाहेर येऊ शकलं नव्हतं.

मग कडवळ आणि तूर कशी आली? यंत्राच्या त्याच फणातून, म्हणजे बी सोडणाऱ्या दात्यातून, त्याच खोलीवर, त्याच पापडीतून? याचं उत्तर बियांच्या बांधणीत आहे. आपण ते शाळेत "एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री", म्हणजे एकदल आणि द्विदल, म्हणून पाठ करतो आणि दहावीनंतर विसरतो. खरं म्हणजे ते पेरणीच्या आदल्या रात्री आठवायला हवं.

बी फोडून बघा

हरभऱ्याचे आणि मक्याचे पाच-पाच दाणे रात्री पाण्यात टाका. सकाळी हरभऱ्याचं साल नखानं सोला. दाणा आपोआप दोन भागांत उघडतो. आपण ज्याला डाळ म्हणतो ती ही दोन बीजपत्रं, म्हणजे रोपाची पहिली दोन पानंच, अन्न भरून जाड झालेली. हरभऱ्याला जी चोच असते, त्या चोचीच्या आत मूळ झोपलेलं असतं. दोन दलांच्या सांध्यात बारीक नजरेनं बघितलं तर चुरगळलेल्या पानासारखा इवलासा कोंब दिसतो. बस, एवढंच बी. साठवलेलं सगळं अन्न त्या दोन दलांत, वेगळी कोठी नाही. डाळ पेरली तर उगवत नाही, कारण भरडताना तो सांधा तुटतो आणि कोंब चुणीत जातो.

मक्याचा दाणा असा उघडत नाही. त्याला सुरीनं उभा चिरावा लागतो, चपट्या बाजूच्या मधोमध. बराचसा भाग पिठूळ, तो भ्रूणपोष: अन्नाची वेगळी कोठी. खालच्या टोकाकडे मऊ पांढरी जीभ दिसते. कणीस दातांनी खाताना कधीकधी तीच सुटून तोंडात येते. ती जीभ म्हणजे भ्रूण, आणि त्यातला ढालीसारखा भाग हे एकुलतं बीजपत्र. हे बीजपत्र पान म्हणून कधीच उघडत नाही. कोठीला चिकटून बसायचं, तिथलं अन्न विरघळवून कोंबाला पोचवायचं, एवढंच त्याचं काम. ज्वारी, बाजरी, गहू, भात, सगळ्यांची मांडणी हीच. साठवलेल्या ज्वारीत सोंडा किड्यानं जर हा कोपरा कोरला असेल तर दाणा वरून भरलेला दिसतो, पण उगवत नाही.

बाहेर पडायची तऱ्हा

ज्वारीच्या कोंबावर टोकदार टोपी असते, टाचणीच्या टोकासारखी बंद. पानं तिच्या आत गुंडाळलेली. ही टोपी माती भोसकत वर येते आणि उजेड लागला की थांबते, मग तिच्यातून पहिलं पान बाहेर पडतं. ज्वारीला आणि मक्याला आणखी एक सोय आहे. बी आणि टोपी यांच्यामधला दांडा लांबतो. बी थोडं खोल पडलं तरी हा दांडा लांबून टोपीला वरच्या थरापर्यंत आणून सोडतो. रब्बीत ओल खाली गेलेली असताना मालदांडी ज्वारीचं बी खोलवर पडूनही वर येतं, त्यामागे हीच सोय आहे. दाणा मात्र जागेवरच राहतो, त्याला वर ओढायची गरज नाही.

सोयाबीनचं याच्या उलट. मूळ खाली गेलं की दलांच्या खालचा दांडा लांबायला लागतो आणि कमान करतो. ती कमान आधी जमिनीला टेकते, माती फोडते, आणि मग पाठीमागून दोन्ही जाड दलं ओढून बाहेर काढते. दाणा फुगून मूळच्या दुपटीहून मोठा झालेला, आणि त्याला मातीतून ओढून न्यायचं आहे एका कोवळ्या मानेनं. वर पापडी धरली किंवा माती दाबली गेली, की मान तिथेच जाड होते, वाकते, शेवटी मोडते. मूग, उडीद, चवळी, कापूस, एरंडी, सगळे याच रांगेतले.

तूर द्विदलच, पण तिची रीत वेगळी. तुरीची दलं मातीतच राहतात आणि फक्त मधला बारीक कोंब वर येतो. हरभरा आणि वाटाणाही तसेच. म्हणून माझ्या शेतात एका बाजूला टोपीवाली ज्वारी आली, दुसऱ्या बाजूला बारीक कोंबाची तूर आली आणि मधलं सोयाबीन अडकलं. "एकदल उगवतं, द्विदल मरतं" एवढं सोपं हे गणित नाही. प्रश्न एकच विचारा: हे बी आपली दलं डोक्यावर घेऊन येतं की खाली ठेवून येतं? डोक्यावर घेऊन येणाऱ्याला उथळ पेरायचं. सोयाबीनसाठी तीन ते चार सेंटिमीटर, म्हणजे आपली दोन बोटं. पाचच्या पुढे कधीच नाही. माझा फण त्या दिवशी सात सेंटिमीटरवर चालला होता. मी मोजलं नव्हतं, चालकानं विचारलं नव्हतं.

उकरल्यावर काय दिसेल, त्यावरून काय समजायचं

नांगे पडलेल्या चार-पाच ठिकाणी, शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत, हातभर तास उकरा. यंत्राच्या प्रत्येक फणाचा तास वेगळा बघा. एकाच फणाचे तास सलग रिकामे असतील तर दोष त्या नळीत किंवा त्या फणात आहे, बियाण्यात नाही.

दाणा कोरडा, कडक, जसाच्या तसा सापडला तर त्याला ओल मिळालेली नाही. सोयाबीनला उगवायला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी प्यावं लागतं. मक्याला स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पुरतं. म्हणून अर्धवट ओलीत मका येतो आणि सोयाबीन बसून राहतं. असा दाणा मेलेला नाही. पुढचा पाऊस वेळेवर आला तर तो येईल, दुबार पेरणीची घाई करू नका. खरी अडचण मधल्या अवस्थेची. दाणा फुगला, मूळ जेमतेम निघालं आणि ओल संपली. तसलं मूळ वाळलं की पुन्हा फुटत नाही. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल उतरेपर्यंत सोयाबीन पेरू नका, असं कृषी विद्यापीठं का सांगतात, ते असं एक मूळ तळहातावर घेऊन बघितलं की पटतं.

दाणा फुगलेला, लिबलिबीत, बोटानं दाबला तर पिठासारखा पसरतो आणि कुजका वास येतो, तर दोन शक्यता. एक, बी पेरतानाच मेलेलं किंवा मरायला टेकलेलं होतं. दोन, पेरल्यावर चोवीस तासांच्या आत मोठा पाऊस झाला आणि पाणी साचलं. सोयाबीनचं साल पातळ असतं. फार कोरडं बी एकदम भरपूर पाण्यात सापडलं की ते घाईघाईनं पाणी ओढतं, आतल्या पेशी फाटतात, आतला रस बाहेर झिरपतो आणि त्यावर बुरशी माजते. दोन्ही शक्यतांत दाणा सारखाच दिसतो. वेगळं कसं ओळखायचं? शेताचा उंच भाग बघा. उंचावर चांगली उगवण आणि सखल भागात कुजलेलं बी, तर दोष पाण्याचा. सगळीकडे सारखंच कुजलं असेल, तर बियाण्याबद्दल बोलायला जागा आहे.

मूळ चांगलं, मान जाड आणि वाकडी, वर पापडी: हे माझं शेत. इथे वेळेला किंमत आहे. पेरणीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी पापडी दिसली आणि खाली कमानी जिवंत असतील, तर हलकं तुषार सिंचन दिलं की पापडी मऊ होते आणि रोपं दोन दिवसांत वर येतात. पाण्याची सोय नसेल तर तासाच्या कडेनं हलक्या हातानं पापडी मोडावी, पण तासावरून वखर फिरवू नका. कमानी सगळ्या तुटतील. मान मोडली की त्या रोपाचं काहीच होत नाही, कारण मानेत फुटवा काढणारा डोळाच नसतो. मी उकरलं आठव्या दिवशी. पाचव्या दिवशी उकरलं असतं तर निम्मं शेत वाचलं असतं.

रोप वर आलं, दोन्ही दलं उघडली, पण मधोमध कोंबच नाही, नुसतं टक्कल: हे मळणीत फुटलेलं बी. सोयाबीनच्या दाण्यात मूळ आणि त्याचा दांडा कडेला, अगदी सालाच्या खालीच असतो. दाण्यावर डोळ्याच्या, म्हणजे दाणा शेंगेला जोडलेला असतो त्या खुणेच्या, बाजूला जी हलकीशी उठलेली रेघ दिसते ती तीच. त्याच्या संरक्षणाला कागदाएवढं साल, बाकी काही नाही. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोतं उंचावरून आपटलं, तर दाणा बाहेरून अखंड दिसतो आणि आत सांधा तुटलेला असतो. ज्वारीचा भ्रूण पिठूळ कोठीच्या खोबणीत बसलेला असल्यानं तो एवढ्या लवकर दुखावत नाही.

मातीत काहीच सापडलं नाही, किंवा उगवलेल्या रोपाची दलं कुरतडलेली दिसली, तर पक्षी, खारी, वाणी किडे, गोगलगायी यांच्याकडे बघा. शंखी गोगलगायींनी आमच्या भागात सोयाबीनची दलं रातोरात फस्त केल्याचं मी पाहिलं आहे. पहाटे टॉर्च घेऊन गेलं तरच त्या सापडतात.

पेरणीच्या आधीची तपासणी

घरचं बियाणं असो की विकतचं, उगवण तपासल्याशिवाय पेरायचं नाही, हा आता माझ्या घरचा नियम आहे. गोणपाट पाण्यात भिजवून पिळून घ्यायचं. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ बी काढायचं आणि न निवडता शंभर दाणे मोजायचे. चांगले-चांगले वेचले तर तपासणीला अर्थ उरत नाही. दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यादाण्यात दीड-दोन सेंटिमीटर अंतर. वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. ओल टिकवायची, पण पाणी निथळू द्यायचं नाही. सहाव्या-सातव्या दिवशी उघडायचं.

आता मोजायचं काय, इथेच बहुतेकांची चूक होते. मोड दिसला की उगवलं, असं मोजतात. मटकीला मोड आला की उसळ होते, पण रोप होईलच असं नाही. मूळ सरळ आणि अखंड, दांडा निरोगी, दोन्ही दलं निम्म्याहून जास्त शाबूत आणि मधे कोंब, अशीच रोपं मोजा. वाकडी, बुरशी आलेली, टकली बाजूला काढा. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते आणि एकरी ३० किलो ही शिफारस तेवढ्या उगवणीवर बेतलेली आहे. तुमची ६० आली तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे एकरी ३५ किलो. साठच्या खाली गेली तर ते बी खाण्याला किंवा विकायला, पेरायला नाही.

साल फुटलंय का हे बघायला आणखी एक झटपट रीत आहे. शंभर दाणे वाटीत घेऊन पाणी ओता आणि पाच ते दहा मिनिटं थांबा. अखंड सालाचे दाणे जवळपास तसेच राहतात किंवा सालाला नुसत्या सुरकुत्या पडतात. ज्यांचं साल तडकलंय ते तेवढ्यातच टम्म फुगतात. असे पंधरा-वीस निघाले तर सावध व्हा. हे दाणे मात्र पुन्हा पेरायचे नाहीत.

भिजवण्यावरून आठवलं. हरभरा, गहू रात्रभर भिजवून पेरणारे आहेत आणि त्यांना फायदा होतो, ते मी बघितलंय. त्याच सवयीनं कुणी सोयाबीन भिजवलं तर सगळं बी वाया जातं. साल सुटतं, दलं वेगळी होतात. बीजप्रक्रियेतही तेच. औषध आणि जिवाणू संवर्धन लावताना बी ओलंचिंब करून तळहातांनी चोळू नका. ताडपत्रीवर पसरून, थोडंसं शिंपडून, ताडपत्रीची टोकं धरून हलवा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम हे जिवाणू संवर्धन, आणि सावलीत सुकवून लगेच पेरणी. सोयाबीनचं रायझोबियम ज्वारीला लावून उपयोग नाही. मुळांवर गाठी शेंगवर्गीय पिकाला येतात. एरंडी आणि कापूस द्विदल असूनही त्यांना त्या येत नाहीत.

घरचं बियाणं राखायचं असेल तर काळजी ऑक्टोबरातच सुरू होते. दाण्यात १३-१४ टक्के ओलावा असताना मळणी, ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० एवढेच. थप्पी पाच पोत्यांच्या वर नको, खाली लाकडी फळ्या. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीला आलेलं सोयाबीन परतीच्या पावसात भिजलं होतं, हे आठवत असेल. त्याच्या पुढच्याच खरिपात, २०२० च्या जूनमध्ये, उगवणीच्या तक्रारी एवढ्या आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. शेंगेत भिजलेला आणि उन्हात पुन्हा वाळलेला दाणा वरून चांगला दिसतो, पण सालाखालची ती नाजूक रेघ दुखावलेली असते.

कांदा: एकदल असूनही वेगळा

कांद्याच्या गादीवाफ्यावर हीच तक्रार येते, म्हणून थोडक्यात. कांदा एकबीजपत्री आहे, पण त्याला ज्वारीसारखी टोपी नाही. त्याचं एकच बीजपत्र सुईसारखं लांबतं, मधून दुमडतं आणि ती दुमड आधी जमिनीबाहेर येते. टोक अजून बियात अडकलेलं असतं, अन्न ओढत. नंतर ते सरळ होतं आणि टोकाला काळं टरफल टोपीसारखं लटकताना दिसतं. एवढ्या बारीक धाग्याला जाड माती पेलत नाही. एक-दीड सेंटिमीटर खोली, वर चाळलेलं शेणखत, आणि उगवेपर्यंत झारीनं पाणी. पाट सोडून पाणी दिलं की बी एका कडेला वाहून जातं आणि वर पापडीही धरते.

नांगे भरताना आणि खाल्लेलं पीक बघताना

सोयाबीनची दाट जागेतली रोपं उपटून विरळ जागेत लावायचा मोह होतो. भातात, कांद्यात ते चालतं, कारण तिथे बुडातून नवी तंतुमय मुळं फुटत राहतात. सोयाबीनचं सगळं सोटमुळावर उभं आहे. उपटताना ते तुटलं की रोप बसकण घेतं. नांगे भरायचे तर त्याच वाणाचं बी टोकून, म्हणजे हातानं एकेक दाणा मातीत खोचून, भरा, आणि आठ-दहा दिवसांच्या आत. उशिरा टोकलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत राहतं. तुरीचं पुनर्रोपण करणारे पिशवीत रोप वाढवतात, ते सोटमूळ दुखावू नये म्हणूनच.

हरणं, रोही (नीलगायी) किंवा सुटलेली शेळी शेतातून फिरून गेली, की मोडायचं की ठेवायचं हा प्रश्न येतो. पुन्हा खाली वाकून बघा. ज्वारीचा वाढीचा गाभा पहिले तीन-चार आठवडे जमिनीच्या आतच असतो. पानं पार खाल्ली तरी पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली पानं, पुन्हा वर येतो. तूर आणि हरभऱ्याची दलं मातीत, त्यांच्या बगलेतले डोळेही मातीत. तिथून फुटवा निघतो. सोयाबीनचे डोळे दलांच्या बगलेत आणि त्याच्या वर आहेत, म्हणजे जमिनीच्या वर. दलांच्या वरून खाल्लं असेल तर आठवडाभर थांबा, दोन बाजूंनी फांद्या येतील. दलांच्या खालून तुटलं असेल तर त्या जागी पुन्हा बी टोका.

तण गेलं नाही, पीकच वाकडं झालं

हीही दरवर्षीची तक्रार, आणि तिचं मूळही इथेच. सोयाबीनमध्ये क्विझालोफॉपसारखं गवतनाशक मारलं, गवत गेलं, पण केना तसाच. लोक म्हणतात औषध बनावट. केन्याचं पान रुंद आहे म्हणून कुणी त्याला द्विदल समजतं, पण पान उन्हात धरलं तर शिरा समांतर दिसतात: केना एकदल आहे. लव्हाळाही एकदल, त्याचा दांडा बोटांत फिरवला तर तीन कडा लागतात. पण हे गवतनाशक सगळ्या एकदलांवर चालत नाही. ते गवताच्या कुळावर चालतं, आणि केना आणि लव्हाळा त्या कुळातले नाहीत. औषध निवडताना लेबलवर तणाचं नाव वाचा. रुंद पान की अरुंद पान एवढ्यावर ठरवू नका. केळ, हळद, आलं यांचीही पानं रुंद आहेत आणि तीही एकदलच.

उलट बाजूनं टू-फोर-डी. ऊस, ज्वारी, गहू यांतल्या रुंद पानांच्या तणासाठी ते वापरतात. एकदल पीक ते बऱ्यापैकी सोसतं. पण त्याचा वारा शेजारच्या कापसावर गेला, किंवा तोच पंप नीट न धुता कापसात नेला, तर आठवड्याभरात पानं भेंडीच्या पानासारखी चिरत जातात, शेंडे मुरगळतात. व्हायरस आला म्हणून लोक भलतीच औषधं मारतात. आधी आठवा, पंपात शेवटचं काय होतं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवणं हाच त्यावर खरा उपाय, धुण्यावर विसंबू नका.

तरीही बियाणंच खराब निघालं तर

गोणपाटावरची उगवण कमी, उंच भागातही दाणे कुजलेले, खोली बरोबर, ओल पुरेशी, पापडी नाही: एवढं सगळं बघून झालं, तर तक्रार जरूर करा आणि वेळ घालवू नका. पिशवी, तिच्यावरचा टॅग, पक्की पावती आणि पिशवीत उरलेलं पसाभर बी जपून ठेवा. पिशवी फोडताना टॅगची बाजू सोडून दुसऱ्या बाजूनं फोडायची सवय लावा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, तालुकास्तरीय समिती येऊन पंचनामा करते. समिती येईपर्यंत शेत मोडू नका. उकरलेले दाणे आणि रोपं, कोणत्या तासातली ते लिहून, त्याच दिवशी मोबाइलवर मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दोन दिवस उन्हात राहिलं की वाकलेली मान आणि कुजलेलं बी दोन्ही सारखीच काडी होऊन जातात, आणि मग कोण खरं बोलतंय ते मातीलाही सांगता येत नाही.